तप्तबिंदू, तप्तस्थळ आणि ‘शिलारसाचा स्तंभ’

प्रश्न असा आहे: भूपट्टांच्या (पृथ्वीच्या कठीण बाह्य थराच्या सरकत्या तुकड्यांच्या) सीमेपासून दूर, ऐन पट्टाच्या मध्ये उफाळणाऱ्या ‘हॉटस्पॉट’ ज्वालामुखींसाठी उष्णस्थळ, तप्तबिंदू, तप्तस्थळ यांपैकी कोणता शब्द घ्यावा? आणि त्यांच्या खालून जे वर येते त्याला ‘शिलारसाचा स्तंभ’ म्हटलेले चालेल का?

पहिल्याचे उत्तर पटकन देता येते: तप्तस्थळ. हवा उष्ण असते, लोखंड तप्त. इथे दुसरी जात हवी. ‘बिंदू’ म्हटले की नकाशावर टाचणी टोचावी असे वाटते, प्रत्यक्षात खालचा तापलेला भाग शेकडो किलोमीटर रुंद असू शकतो. नुसते ‘हॉटस्पॉट’ लिहायलाही हरकत नाही, मात्र वाचकाला आधी फोन आठवतो.

दुसऱ्याचे उत्तर ‘नाही’, आणि खरा घोटाळा इथेच आहे. शिलारस म्हणजे वितळलेला खडक. तोच बाहेर आला की लाव्हारस. वर येणारे प्रावरण मात्र जवळजवळ सगळ्या वाटेत घन असते. (प्रावरण म्हणजे पृथ्वीचे कवच आणि गाभा यांच्यामधला खडकाचा थर. शब्दाचा मूळ अर्थ पांघरण्याचे वस्त्र, आपले ‘पांघरूण’ त्याच घरातले. हे पांघरूण सुमारे २९०० किलोमीटर जाड आहे, ही गोष्ट वेगळी.) भोवतालच्या खडकापेक्षा शंभर-दोनशे अंशांनी जास्त तापलेला खडक हलका होतो आणि घन राहूनच, वर्षाला काही सेंटिमीटर अशा गतीने वर सरकतो.

मग तो वितळतो कशाने? वर कोणी जाळ लावत नाही. दाब उतरतो म्हणून. प्रावरणातला कोरडा खडक पृष्ठभागावरच्या दाबाला साधारण ११०० अंश सेल्सियसला वितळू लागतो, पण १०० किलोमीटर खोलीवर त्यालाच १४५० अंशांहून अधिक लागतात. वर येताना खडकाचे तापमान फारसे उतरत नाही, वितळण्याची मर्यादा मात्र झपाट्याने खाली येते. दोन्ही जिथे गाठ घेतात तिथे खडकाचा थोडासा अंश वितळतो, तो शिलारस. म्हणून ‘गाभ्यातून शिलारस वर येतो’ हे वाक्य दोनदा चुकते. तो गाभ्यातला नसतो, आणि इतक्या खोलीवर शिलारसही नसतो.

वर येणाऱ्या या प्रवाहाला काही ठिकाणी ‘पिच्छ’ म्हटलेले दिसते. मूळ ‘प्लूम’चा पिसाऐवजी धुराचा अर्थ धरला तर मराठीत तयार शब्द आहे: लोट. ‘प्रावरणाचा लोट’ म्हटले की वर रुंदावणारे टोक आणि खालची बारीक शेपटी आपोआप डोळ्यांपुढे येते. तप्तस्थळ ही जागा, लोट हे तिचे कारण. जागेची कल्पना भूवैज्ञानिक टुझो विल्सन यांनी १९६३ साली हवाई बेटांवरून मांडली, खोलवरून येणाऱ्या लोटाची जोड भूभौतिकशास्त्रज्ञ जेसन मॉर्गन यांनी १९७१ मध्ये दिली. प्रत्येक तप्तस्थळाखाली असा लोट असतोच का, यावर आजही वाद आहे. तेव्हा हे शब्द एकमेकांच्या जागी वापरू नयेत.

क्रियापदही जपावे. ‘तप्तस्थळ सरकत गेले आणि बेटांची रांग तयार झाली’ असे लिहिले जाते. सरकतो तो मुख्यतः वरचा पट्ट. हवाई बेटांपैकी कवाई हे बेट, तप्तस्थळावर आज जागृत असलेल्या किलाउएआ ज्वालामुखीपासून सुमारे ५०० किलोमीटरवर आहे आणि वय अंदाजे ५० लाख वर्षे. पाच कोटी सेंटिमीटर भागिले ५० लाख: वर्षाला १० सेंटिमीटर. पॅसिफिक पट्टाची गती साधारण एवढीच आहे. ‘मुख्यतः’ एवढ्यासाठी, की सुमारे ४.७ कोटी वर्षांपूर्वीपर्यंत हवाईचे तप्तस्थळ स्वतःही दक्षिणेकडे सरकत होते, असे जुन्या सागरी पर्वतांतल्या चुंबकीय खुणा सांगतात.

राहिले ‘सीमेपासून दूर’. ही तप्तस्थळाची व्याख्या नव्हे. आइसलँडचे तप्तस्थळ बरोबर सीमेवर बसले आहे. दूरपणावरच भर द्यायचा असेल तर ‘पट्टांतर्गत ज्वालामुखी’ म्हणावे. हवाईला दोन्ही शब्द लागू पडतात, आइसलँडला एकच.