ओपनएसएसएल सोर्समधून बिल्ड करताय? सिस्टीमच्या लायब्ररीला हात लावू देऊ नका

तुमची पोस्ट वाचली. उबंटू २२.०४ वर ओपनएसएसएल ३.५ (एन्क्रिप्शनची लायब्ररी) सोर्समधून बिल्ड केलंत, टेस्ट पास झाल्या, मेक इन्स्टॉलही झालं. पण नवीन बायनरी चालवली की 'लिबक्रिप्टो डॉट एसओ डॉट ३ मध्ये अमुक व्हर्जन नॉट फाउंड' अशी एरर येते. आता ऑफिसचा सपोर्टवाला म्हणतोय, "प्रिफिक्स /यूएसआर देऊन मी टाकून देतो, पाच मिनिटांचं काम आहे." म्हणजे थेट सिस्टीमच्या फोल्डरात इन्स्टॉल. त्याला हो म्हणू का, असं तुम्ही विचारलंय.

नका म्हणू. बाकीचं उत्तर नंतर सवडीने वाचलंत तरी चालेल, पण आधी त्याला थांबवा.

कंपायलर, मेक, पर्ल आणि गिट मशीनवर आहेत असं धरून पुढे लिहितेय. मी सांगतेय ते उबंटू-डेबियनपुरतं आहे, आणि प्रॉडक्शन सर्व्हरवर काहीही करण्याआधी तुमच्या ॲडमिनशी बोला.

आधी ही एरर का येते ते बघू. उबंटू २२.०४ सोबत ओपनएसएसएल ३.०.२ येतं आणि त्याच्या लायब्ररीचं नाव लिबक्रिप्टो डॉट एसओ डॉट ३. तुमच्या ३.५ च्या लायब्ररीचं नावही अगदी तेच. ६४-बिट इंटेल-एएमडी लिनक्सवर ओपनएसएसएल ३ आपल्या लायब्ररी /यूएसआर/लोकल/लिब६४ मध्ये ठेवतं आणि उबंटूचा लोडर (प्रोग्राम सुरू होताना लायब्ररी शोधणारा भाग) त्या फोल्डरात बघतच नाही. म्हणून तुमची नवी बायनरी सिस्टीमच्या जुन्या लायब्ररीला जाऊन चिकटते आणि तिला हवी ती फंक्शन्स तिथे मिळत नाहीत. एलडीडी (बायनरी कुठल्या लायब्ररी उचलते ते दाखवणारी कमांड) चालवून बघा, लिबक्रिप्टोसमोर कुठला रस्ता दिसतोय ते लगेच कळेल. तुमचं बिल्ड बिघडलेलं नाही.

नेटवर यावर मिळणारे बहुतेक सल्ले १.१.१ च्या काळातले आहेत. तेव्हा उबंटू २०.०४ वर सिस्टीमची लायब्ररी 'डॉट १.१' नावाची होती आणि नवी ३.० 'डॉट ३' नावाची. दोन्ही शेजारी शेजारी नांदायच्या, कोणी कोणाच्या वाटेला जात नसे. ३.० सप्टेंबर २०२१ मध्ये आलं. डिस्ट्रोंनी ते घेतल्यावर दोघींचं नाव एकच झालं, सल्ले मात्र तसेच फिरत राहिले.

आता आमच्याकडे काय झालं ते सांगते, कारण तुमच्या सपोर्टवाल्याचं वाक्य मी शब्दशः ऐकलेलं आहे. आमच्या टीमला ओपनएसएसएलसाठी एक छोटा पॅच (सोर्समधला बदल) तयार करायचा होता. बिल्ड मशीन सगळ्यांचं सामायिक, देखभाल बाहेरच्या एका हेल्पडेस्ककडे. आम्ही तिकीट टाकलं ते फक्त दोन गोष्टींसाठी: काही डेव्हलपमेंट पॅकेजेस आणि लिहायची परवानगी असलेलं एक वेगळं फोल्डर. त्यांनी न विचारता सोर्स घेतला, प्रिफिक्स /यूएसआर देऊन इन्स्टॉल केला, आणि तरीही बायनरीला लायब्ररी मिळेना म्हणून सिस्टीमच्या फोल्डरातली मूळ लिबक्रिप्टो बाजूला करून तिच्या जागी नव्या फाइलीची सिमलिंक (तिच्याकडे बोट दाखवणारी शॉर्टकटसारखी फाइल) ठेवली. ओपनएसएसएल व्हर्जन बरोबर दिसलं. तिकीट 'रिझॉल्व्हड' करून बंद.

त्यानंतर त्या मशीनवर नवीन कोणालाच लॉगिन होईना. उबंटू २२.०४ वरचं ओपनएसएसएच (दुरून लॉगिन करायचा प्रोग्राम) सुरू होताना बघतं की आपण कुठल्या ओपनएसएसएलवर बिल्ड झालो आणि समोर आत्ता कुठलं आहे. ३.० च्या जागी ३.५ दिसलं की 'ओपनएसएसएल व्हर्जन मिसमॅच' म्हणून तिथेच थांबतं. ज्यांची सेशन्स आधीपासून उघडी होती त्यांचं काम चालू होतं, कारण जुनी लायब्ररी त्यांच्या मेमरीत होती. त्यामुळे हेल्पडेस्कचं म्हणणं, "सर्व्हर तर चालू आहे, प्रॉब्लेम तुमच्या नेटवर्कचा असेल." कन्सोल फक्त त्यांच्याकडे. आम्ही फाइलीचं नाव, एररचा मजकूर, कुठली सिमलिंक काढायची, सगळं लिहून दिलं. उत्तर आलं की हा ॲप्लिकेशन टीमने मागितलेला बदल आहे, मागे घ्यायचा तर वेगळ्या कॅटेगरीत नवीन तिकीट टाका आणि मॅनेजरची मंजुरी जोडा. जो बदल आम्ही मागितलाच नव्हता, तो काढायला आमच्याकडे मंजुरी मागत होते! पॅच राहिला बाजूला, आणि त्याच मशीनवर अवलंबून असलेल्या दुसऱ्या दोन टीम्सची कामं अडकली. आपल्या फ्लॅटचा नळ बदलायला कोणी सोसायटीची टाकी रिकामी करत नाही, पण सर्व्हरच्या बाबतीत हे सर्रास चालतं याचा मला आजही राग येतो.

म्हणून माझं ठाम मत: डेव्हलपमेंटसाठी केलेलं ओपनएसएसएल /यूएसआर मध्ये तर नाहीच, /यूएसआर/लोकल मध्येही टाकू नये. काही ब्लॉग सांगतात की लिबडिर (लायब्ररी ठेवायचं फोल्डर) 'लिब' द्या, मग लोडरला सापडेल. सापडतं, आणि तोच धोका आहे. /यूएसआर/लोकल/लिब उबंटूच्या यादीत सिस्टीमच्या फोल्डरांच्या आधी येतं, म्हणजे एकदा एलडीकॉन्फिग (लोडरची लायब्ररींची यादी नव्याने बनवणारी कमांड) चाललं की सगळी मशीन तुमची लायब्ररी वापरायला लागते. तुम्ही ते चालवलं नाहीत तरी उद्या कुठलंतरी भलतंच पॅकेज बसवताना एपीटी ते चालवतं. मग एसएसएच बंद पडतं आणि दोन गोष्टींचा संबंध कोणाच्या लक्षात येत नाही.

मी करते ती पद्धत अशी. सोर्स फोल्डर स्वच्छ ठेवायचं, बिल्डसाठी वेगळं फोल्डर करून तिथून सोर्समधली कॉन्फिगर स्क्रिप्ट चालवायची. आधी सोर्समध्येच बिल्ड केलं असेल तर तिथे मेक डिस्टक्लीन करून घ्या. प्रिफिक्स आणि ओपनएसएसएलडिर (कॉन्फिग आणि सर्टिफिकेट्सचं फोल्डर) दोन्ही होम फोल्डरखाली, लिबडिर 'लिब' (स्वतःच्या प्रिफिक्सखाली ते निर्धोक आहे), आणि लिंकरला आर-पाथ (बायनरीतच लिहिलेला लायब्ररीचा रस्ता) देऊन त्याच लिब फोल्डरचा पूर्ण पत्ता. आर-पाथ दिला की बायनरी आपली लायब्ररी स्वतः शोधते, बाकी मशीनला त्याचा पत्ताही लागत नाही. एलडी-लायब्ररी-पाथ (लोडरला आधी कुठे बघायचं ते सांगणारं व्हेरिएबल) बॅशआरसीमध्ये लिहून ठेवू नका. तुमच्या शेलमधून चालणारं एसएसएच आणि गिटसुद्धा मग तीच लायब्ररी उचलतात.

आणि खरं तर पॅचवर काम करायला इन्स्टॉल लागतच नाही. बिल्ड फोल्डरातल्या यूटिलमध्ये रॅप डॉट पीएल नावाची स्क्रिप्ट आहे. तिच्यामागे ॲप्समधली ओपनएसएसएल बायनरी दिली की नुकत्याच बिल्ड केलेल्या लायब्ररीसकट चालते. ही गोष्ट नवीन लोकांना कोणी सांगत का नाही, मला कळत नाही. टेस्टही सगळ्या प्रत्येक वेळी चालवू नका. मेकला टेस्ट्स व्हेरिएबलमध्ये हव्या त्या टेस्टचं नाव द्या, आणि पूर्ण संच चालवताना हार्नेस-जॉब्स (एकाच वेळी किती टेस्ट चालवायच्या तो आकडा) वाढवा, बराच वेळ वाचतो. पॅच पाठवणार असाल तर स्ट्रिक्ट-वॉर्निंग्जसह बिल्ड करा आणि सीएलए (कोड देणाऱ्यांनी करायचा परवाना करार) आधी सही करून पाठवा. किरकोळ दुरुस्ती सोडली तर त्याशिवाय पॅच घेतला जात नाही.

इन्स्टॉल करायचंच असेल तर इन्स्टॉल_एसडब्ल्यू पुरेसं आहे, डॉक्युमेंटेशन वगळलं जातं. मात्र सोबत इन्स्टॉल_एसएसएलडिर्स चालवा, नाहीतर कॉन्फिग फाइल नाही म्हणून तक्रार येईल. तुमच्या नव्या ओपनएसएसएलडिरमधलं सर्टिफिकेट्सचं फोल्डर रिकामं असतं. एस_क्लायंटने (सर्व्हरला जोडून बघायची ओपनएसएसएलची कमांड) कुठेही जोडलंत की 'अनेबल टू गेट लोकल इश्युअर सर्टिफिकेट' येईल. एसएसएल-सर्ट-फाइल हे व्हेरिएबल सिस्टीमच्या सर्टिफिकेट बंडलकडे वळवा. व्हेरिफिकेशन बंद करून पुढे जाऊ नका, ती सवय नंतर सुटत नाही.

विंडोजवाल्यांसाठी: व्हिज्युअल स्टुडिओने बिल्ड करताना गिट बॅशसोबत आलेलं पर्ल चालत नाही, स्ट्रॉबेरी पर्ल आणि नॅझम (असेंबलर) घ्या. रेड हॅट घराण्यात 'आयपीसी/सीएमडी डॉट पीएम' सापडत नाही असं आलं तर त्या पर्ल मॉड्यूलचं पॅकेज वेगळं बसवावं लागतं.

अजून एक. ऑडिटवाल्यांनी '३.०.२ जुनं आहे' म्हटलं म्हणून बिल्ड करत असाल, तर करू नका. उबंटू सुरक्षेच्या दुरुस्त्या त्याच नंबरात मागून आणून टाकतं, फक्त पॅकेजचा शेवटचा आकडा बदलतो. तो चेंजलॉग दाखवा. स्वतः बिल्ड केलेल्या लायब्ररीला मात्र अशी अपडेट्स मिळत नाहीत, ती तुम्हालाच करत बसावी लागतात.

आत्ता तुमच्या मशीनवर /यूएसआर/लोकल मध्ये जे पडलंय ते मेक अनइन्स्टॉलने काढा आणि मग एलडीकॉन्फिग चालवा. हे करताना एक एसएसएच सेशन उघडं ठेवा, दुसऱ्या टर्मिनलमधून नवीन लॉगिन होतंय याची खात्री होईपर्यंत ते बंद करू नका. नंतर होममध्ये पुन्हा बिल्ड करूनही अडलं तर बिल्ड फोल्डरातल्या कॉन्फिगडेटा डॉट पीएमचा डंप आणि एलडीडीचं आउटपुट इथे टाका. कंपनीचे होस्टनेम आणि युजरनेम तेवढे आधी पुसा.