भीती कुठे संपली?

चिरंजीव,

काल चेंबरमधून रागानेच उठून गेलास. "रात्री घरात घुसलेल्याला मारलं, त्यात गुन्हा कसला?" हे तीनदा विचारलंस आणि स्वसंरक्षणाच्या हक्कात जीव घेण्याची मुभा कधी, हे सांगणारं भारतीय न्याय संहितेचं कलम ३८ घडाघडा म्हणून दाखवलंस. मृत्यूची भीती, जबर दुखापतीची भीती, बलात्कार, अपहरण, ॲसिड. ४१ मधली रात्रीची घरफोडीही सांगितलीस. मग ३७ आणि ४० कुणी वाचायची? गरजेपेक्षा जास्त इजा नको, आणि भीती आहे तोवरच हक्क आहे. भीती कुठे संपली ते शोध. बाकी सगळं त्यानंतर.

मी ते शोधलं नव्हतं, म्हणून ओरडतोय.

माझा एक जुना अशील वस्तीवर एकटा राहायचा. रात्री कोयता घेऊन आलेल्याला त्याने दारातच कुऱ्हाड घातली. तिथवर कायदा त्याच्या बाजूने होता. पण पंचनाम्यात उंबऱ्यापासून बांधापर्यंत रक्ताचे थेंब होते, आणि शवविच्छेदनाच्या रिपोर्टात दुसरी जखम डोक्याच्या मागे. कोयता उंबऱ्यातच पडलेला. मी मात्र शेवटपर्यंत 'चोर होता, हातात कोयता होता' हेच घोकत राहिलो. सद्भावनेने हक्काची मर्यादा ओलांडली तर तो खून न ठरता सदोष मनुष्यवध ठरतो, हा खुनाच्या कलमातला दुसरा अपवाद मी मांडलाच नाही. मर्यादा ओलांडली म्हणणं मला गुन्हा कबूल केल्यासारखं वाटलं. अशील जन्मठेपेला गेला.

चोराला चोर म्हटलं यात माझं चुकलं नाही, हे मी आजही म्हणेन. दार फुटताना कुणी वार मोजून करत नाही. दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य, २०१०, पुन्हा काढ. समोर हल्ला आला असता भ्याडासारखं वागा, असं कायदा सांगत नाही, हे त्यात आहे. पण भीती संपली की हक्क संपला, हेही त्यातच आहे. तू अर्धाच निकाल वाचतोस. मीही तसाच वाचायचो.

हक्क होता हे आपणच दाखवायचं असतं, पण त्या शाबितीच्या ओझ्याला घाबरू नकोस; आपल्याला फक्त शक्यतेचं पारडं झुकवायचं असतं. पण झुकवायला हातात काही हवं ना!

शनिवारी जेलमध्ये जाशील तेव्हा आपल्या या नव्या अशिलाला नुसता धीर देत बसू नकोस. पहिल्या घावानंतर तो घुसलेला माणूस कुणीकडे तोंड करून होता? हातात काय होतं? भीती कुठे संपली? नको ते उत्तर आलं तरी त्याच्याच शब्दांत लिहून घे आणि वही थेट माझ्याकडे आण. दुसरा अपवाद या वेळी पहिल्या दिवसापासून तयार ठेवू.