स्पॅनिशमधील ‘या’

प्रश्न : मी काही महिन्यांपासून स्पॅनिश शिकत आहे. ‘या’ हा शब्द जवळजवळ प्रत्येक संवादात येतो, परंतु शब्दकोशात त्याचे ‘आता’, ‘आधीच’ आणि ‘लवकरच’ असे एकमेकांशी न जुळणारे अर्थ दिलेले आहेत. यांपैकी मूळ अर्थ कोणता समजावा?

उत्तर : लॅटिनमधील ‘याम’पासून आलेला हा शब्द घड्याळातली वेळ सांगत नाही, पालट सांगतो. आधीची स्थिती, किंवा ऐकणाऱ्याने गृहीत धरलेली स्थिती, बदलली आहे किंवा बदलण्याच्या बेतात आहे, एवढेच त्याचे म्हणणे असते. काळ क्रियापदावरून ठरतो. ‘कोमी’ म्हणजे ‘मी जेवलो’, तर ताट वाढू पाहणाऱ्या यजमानाला सांगायचे ‘या कोमी’ म्हणजे ‘माझे जेवण झाले आहे’.

नकाराबरोबर हा शब्द अधिक जपून वापरावा. ‘नो कोमो कार्ने’ म्हणजे ‘मी मांस खात नाही’. मात्र ‘या नो कोमो कार्ने’ म्हटले, की ‘आता खात नाही’, म्हणजेच पूर्वी खात होतो, असा अर्थ होतो. जन्मापासून शाकाहारी असलेल्या माणसाने केवळ वाक्याला वजन यावे म्हणून हा ‘या’ जोडला, तर न केलेल्या गोष्टीची कबुली त्याच्या पदरी पडते. (आपल्या ‘आता’चेही येथे तसेच आहे, हे लक्षात ठेवले तर चूक टळेल.)

कोणी हाक मारली असता स्पॅनिश माणूस ‘या बोय’ म्हणतो. शब्दशः तो ‘जातो’ असे म्हणत असतो, कारण त्या भाषेत हालचाल बोलणाऱ्याच्या जागेवरून मोजली जाते. आपण मात्र जागचे हललेलो नसतानाही ‘आलोच’ म्हणून भूतकाळ वापरतो. त्या ‘आलोच’मधला ‘च’ हाच मला ‘या’चा सर्वांत जवळचा मराठी नातेवाईक वाटतो. ‘या बेरेमोस’ म्हणजे ‘बघू पुढे’, आणि ‘या एस्ता’ म्हणजे ‘झाले’. ‘या के’ हे उभयान्वयी अव्यय ‘ज्याअर्थी’ या अर्थाने येते; ते वेगळे पाठ करावे. अर्जेंटिनात हाच उच्चार ‘शा’ किंवा ‘झा’ असा ऐकू येतो.

‘या कोमिस्ते?’ म्हणजे ‘जेवण झाले का?’. या प्रश्नाला ‘अजून नाही’ असे उत्तर द्यायचे असल्यास ‘तोदाबिआ नो’ म्हणावे. प्रश्नात ‘या’ आहे म्हणून ‘या नो’ म्हटल्यास ‘आता नको’ किंवा ‘आता नाही’ असा भलताच अर्थ निघतो.