सोसायटीने '३० दिवसांपेक्षा कमी मुक्काम नाही' असा ठराव केलाय. नेरुळचा फ्लॅट एअरबीएनबीवर ठेवता येईल का?

येईल, पण दोन रात्रींचे पाहुणे विसरा. सर्वसाधारण सभेत रीतसर मंजूर झालेल्या ठरावाशी वॉचमनच्या टेबलावर भांडून काही हाती लागत नाही. ठराव खरंच झालाय का, की नुसती व्हॉट्सअ‍ॅपवरची फर्मानं आहेत, हे आधी इतिवृत्तात बघा. त्याची प्रत सेक्रेटरीकडे लेखी मागा.

मग अ‍ॅपमध्ये किमान मुक्काम ३० रात्री करा. आधीच घेतलेली लहान बुकिंगं त्याने आपोआप रद्द होत नाहीत, त्यासाठी कमिटीकडून लेखी मुभा घ्या. डी. वाय. पाटील स्टेडियमच्या कॉन्सर्टवाल्या रात्रींचा चढा भाव जाईल, हे खरं. पण महिनाभर राहणारं गिऱ्हाईक नवी मुंबईत कमी नाही. खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये कॅन्सरच्या उपचारांसाठी बाहेरगावाहून येणारी कुटुंबं आठवडेच्या आठवडे जागा शोधत असतात. ऐरोली-महापेच्या आयटी कंपन्यांत प्रोजेक्टवर येणारेही असतात. चादरी-टॉवेलची रोजची धुणी वाचतात ती वेगळीच.

महिन्याच्या मुक्कामाला मात्र अ‍ॅपच्या पावतीवर विसंबू नका. लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत हवा (१९९९ चा भाडे नियंत्रण कायदा, कलम ५५). तो ऑनलाइन होतो. पोलीस स्टेशनला माहिती कळवा.

आणि बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः न राहता फ्लॅट भाड्याने देतो म्हणून सोसायटी लावते ते) सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच. जास्त लावलं तर २००१ चा शासन निर्णय पुढे ठेवा, आवाज न चढवता.