गुरुवारी कसे चालतात?

*ताई, माझं वय ६३, यांचं ६९. सहा वर्षांपूर्वी यांना पार्किन्सन्स असल्याचं निदान झालं. हात थरथरतो त्याची सवय झाली, पण आता नवीनच सुरू केलंय. दुपारी जेवून उठले की स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन उभेच राहतात. 'चला' म्हटलं तरी पाय उचलत नाहीत, हात धरून ओढलं तर चिडतात. आणि हेच गृहस्थ जिना मात्र नीट चढतात! शर्टाच्या गुंड्या लावायला अर्धा तास घेतात, म्हणून मीच लावते. चेहऱ्यावर राग ना आनंद, बोलणं पुटपुटल्यासारखं. गोळ्यांत माझी हयगय नाही. तिन्ही वेळेला खाणं झालं की लगेच गोळी, वर पेलाभर दूध, उष्ण पडू नये म्हणून. अशक्तपणा नको म्हणून वरण, उसळ, पनीर काहीतरी असतंच. नणंद कवचबीजाचं चूर्ण पाठवते, तेही दुधातून देते. गुरुवारी यांचा उपास. दिवसभर केळी, रताळी, पाणी, रात्री सोडतात. त्या दिवशी मात्र दत्ताच्या देवळापर्यंत एकटे चालत जाऊन येतात. देवासाठी पाय चालतात, बायकोसाठी नाही. हे सोंगच ना? नणंदेलाही मी तसं स्पष्ट सांगितलंय. यांच्याशी कसं वागू?*

*— एक गृहिणी, सांगली*

अहो बाई, एवढ्या पत्रात गुरुवारला तुम्ही जेमतेम चार ओळी दिल्यात, त्याही टोमणा मारायला. मी मात्र तिथेच अडकले. सोंग करणारा माणूस आठवड्यातला एक वार ठरवून बरा होत नाही. गुरुवारी तुमच्या घरात काय वेगळं होतं ते बघा. दूध नाही, वरण नाही, उसळ नाही. गोळी पाण्याबरोबर, जवळजवळ रिकाम्या पोटी. यजमान चालतात ते बहुधा यामुळे. दत्तगुरूंची कृपा असेलच, तिच्यात मी पडत नाही.

गोळीचं नाव तुम्ही लिहिलं नाही. सहा वर्षं झालेली आणि दिवसातून तीनदा, म्हणजे बहुतेक लेव्होडोपा-कार्बिडोपा. पाकिटावर वाचून खात्री करा, कारण पुढचं सगळं त्याच औषधाबद्दल आहे. लेव्होडोपा हे मुळात एक अमिनो आम्ल. दूध, डाळ, पनीर यांतली प्रथिनं पचली की त्यांचीही अमिनो आम्लंच होतात. आतड्यातून रक्तात जाताना आणि रक्तातून मेंदूत शिरताना, दोन्हीकडे यांना आत नेणारी वाट एकच, आणि तिथून एका वेळी ठरावीकच माल जातो. तुम्ही पनीर, वरण आणि पेलाभर दूध पुढे घालता आणि गोळीला मागे उभं करता. गुरुवारी रांग देवळात असते, आतड्यात नसते.

दुसरी गोष्ट पोटाची. ही गोळी जठरात शोषली जात नाही, लहान आतड्यात पोचली की मगच. भरलेलं पोट, त्यातून साजूक तूप वगैरे असेल तर, सावकाश रिकामं होतं. पार्किन्सन्समध्ये ते आधीच मंदावलेलं असतं. रक्तात गेल्यावर औषध टिकतं थोडाच वेळ, साधारण दीड तासात निम्मं उतरतं. म्हणजे सकाळची गोळी संपलेली आणि दुपारची अजून वरणभाताखाली पडलेली, नेमक्या त्या वेळी तुम्ही त्यांना उंबऱ्यात उभं करून 'चला' म्हणता.

आता एकच काम करा, आणि याच आठवड्यात. गोळी जेवणापासून सोडवा. तिन्ही गोळ्या खाण्याच्या अर्धा ते पाऊण तास आधी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर. ७ वाजता गोळी, पावणेआठला नाश्ता. सव्वाबाराला गोळी, एकला जेवण. संध्याकाळी ७ ला गोळी, पावणेआठला ताट. कधी चुकून आधी खाणं झालंच, तर निदान एक तास थांबून द्या. मोबाइलवर तीन गजर लावा. गोळी खुर्चीत ताठ बसून, हनुवटी किंचित खाली ठेवून गिळायची. मान मागे टाकून गिळलं की ठसका लागतो. सकाळचा दुधाचा चहा गोळीबरोबर नको, नाश्त्याबरोबर घ्या. लोहाच्या गोळ्या चालू असतील तर मध्ये दोन तासांचं अंतर ठेवा, लोहही या औषधाला अडवतं.

'रिकाम्या पोटी मळमळेल' हे तुम्ही म्हणणार, आणि काहींना मळमळतंही. मग दोन मारी बिस्किटं, मूठभर चुरमुरे किंवा अर्धं केळं द्या. दूध नाही. आणि औषधाच्या दुकानातून उलटीची गोळी आपल्या मनानं आणू नका. मेटोक्लोप्रमाइड आणि प्रोक्लोरपेराझिन ही उलटीवरची नेहमीची औषधं मेंदूतल्या डोपामिनलाच (लेव्होडोपाचं मेंदूत गेल्यावर जे बनतं, त्यालाच) अडवतात आणि पार्किन्सन्स वाढवतात. चक्कर येते म्हणून सर्रास दिलं जाणारं सिनॅरिझिनही त्यातलंच. घरातल्या औषधांच्या डब्यात यातलं काही असेल तर डॉक्टरांना दाखवा.

वेळ बदलण्याआधी न्यूरॉलॉजिस्टना फोन करून सांगा. परवानगीपुरता नाही. तीच गोळी आता जास्त लागू पडेल, मग हात-मान आपोआप वळवळायला लागणं, उठताना रक्तदाब उतरणं, नसलेली माणसं दिसणं यांतलं काही झालं तर गोळी कमी करावी लागते. ते त्यांनी करायचं. तुम्ही एकही गोळी कमी करायची नाही, आणि एकदम बंद तर कधीच नाही. अंग लाकूड होऊन ताप चढतो आणि जिवावर बेततं.

तोच फोन चूर्णासाठीही. कवचबीज म्हणजे खाजकुयलीचं बी, आणि त्यात लेव्होडोपा निसर्गतःच असतो. नणंदबाई प्रेमानं तेच औषध पाठवताहेत, फक्त मोजमाप नसलेलं. किती चमचे, किती वेळा, कधीपासून, सगळं डॉक्टरांना सांगा आणि ते म्हणतील तसं करा. मग नणंदेशी बोलाल तेव्हा सोंगाचं ते वाक्यही मागे घ्या. पत्रात तुम्ही ते मला सांगितलंत, पण तिनं ते आणखी चार जणांना सांगितलं असणार.

जिन्याचं कोडं राहिलं. पार्किन्सन्समध्ये आपोआप पडणारं पाऊल बिघडतं, समोर बघून टाकलेलं पाऊल बरंच शाबूत राहतं. जिन्याला पायरी दिसते, सपाट फरशीवर काहीच दिसत नाही. अरुंद दार आणि वळण या तर अडकण्याच्या ठरलेल्या जागा. म्हणून उंबऱ्याच्या अलीकडे-पलीकडे फरशीच्या रंगापेक्षा वेगळ्या रंगाची चिकटपट्टी लावा, आडवी, साधारण दीड-दीड फुटावर, चार-पाच रेघा. रेघ ओलांडायला सांगा. अडकले तर हात ओढू नका. ओढलं की शरीराचा वरचा भाग पुढे येतो, पाय मागेच राहतात आणि माणूस तोंडावर पडतो. आधी थांबू द्या, या पायावरून त्या पायावर एकदोनदा भार टाकू द्या, मग 'एक-दोन, एक-दोन' मोजा. वळताना जागच्या जागी गिरकी नको, मोठा वळसा. त्या वेळी पाठीमागून 'गॅस बंद केलात का' विचारू नका, दोन कामं एकदम त्यांना पेलत नाहीत.

चेहऱ्यावर भाव नाहीत म्हणजे रुसले आहेत असं धरू नका. चेहऱ्याचे आणि आवाजाचे स्नायूही याच आजारात अडकलेत.

गुंड्या त्यांच्या त्यांना परत करा. गोळी घेतल्यावर साधारण तासाभरानं अंग मोकळं होतं; आंघोळ, कपडे, फिरणं, सही करायची कामं त्या वेळात बसवा. तेव्हा लागली वीस मिनिटं, तर लागू देत. तुम्ही दमलाय ते दिसतंय मला, पण तुमची निम्मी दमणूक चुकीच्या तासाला ओढाताण केल्याची आहे.

एक वही घाला. सकाळी ६ ते रात्री १०, दर तासाला एक ओळ: गोळी कधी, काय खाल्लं, आणि अंग 'मोकळं', 'अडलेलं' की 'वळवळतंय'. आठ दिवस, गुरुवार धरून. उंबऱ्यात अडकतात तेव्हाचा मिनिटभराचा व्हिडिओ काढून ठेवा. दवाखान्यात गोळीच्या भरात ते नीट चालून दाखवतात आणि डॉक्टरांना दुपार दिसतच नाही.

वेळ बदलूनही दुपार अडलेलीच राहिली, तर वही दाखवून प्रथिनं रात्रीवर ढकला. दिवसा पोहे, उपमा, भाकरी-भाजी, भाताबरोबर टोमॅटोचं सार. वरण, उसळ, पनीर, दूध रात्रीच्या ताटात. थालीपीठही रात्री, भाजणीत डाळी असतात. पण गुरुवारचं वाचून रोज उपास घडवू नका, आणि प्रथिनं तोडू तर अजिबात नका. या आजारात वजन आधीच उतरतं. वजनाच्या दर किलोमागे साधारण एक ग्रॅम प्रथिनं दिवसाला पोटात जायलाच हवीत. पेलाभर दुधात सहा-सात ग्रॅम, वाटीभर घट्ट वरणात तेवढीच, पन्नास ग्रॅम पनीरमध्ये नऊ-एक. हे सगळं रात्री दिल्यावर पहाटे कूस बदलता येईना झालं, तर तेही वहीत लिहा. त्यावर रात्रीसाठी वेगळी गोळी असते. ती चावायची किंवा कुटायची नसते, हे आत्ताच सांगून ठेवते.

पुढच्या भेटीत डॉक्टरांकडून चिठ्ठी बदलून घ्या. '१-१-१' वाचलं की औषधवाला 'जेवणानंतर' सांगून मोकळा होतो. '७ वाजता, १२.१५, ७ वाजता, जेवणाआधी, पाण्याबरोबर' असं घड्याळ घालून लिहून मागा आणि तिची एक प्रत त्यांच्या पाकिटात ठेवा. कधी दुसऱ्या कारणानं रुग्णालयात राहायची वेळ आली, तर तिथली गोळ्यांची गाडी वॉर्डाच्या वेळेवर फिरते. आल्या आल्या ही चिठ्ठी नर्सच्या हातात द्या.