त्याचे हात कुठे आहेत?

सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. टॅरोचे पत्ते काढून समोरच्याला अर्थ सांगताना, सलग तीन रीडिंगमध्ये 'हँग्ड मॅन', म्हणजे उलटा टांगलेला माणूस, निघाला आणि तिन्ही वेळा 'त्याग' एवढंच सांगून तू पुढचं कार्ड उचललंस. वहीत त्याच्यासमोर 'त्रिशंकू' असंही लिहून ठेवलं आहेस. आता अर्थांचं पुस्तक मिटव आणि ते कार्ड जरा समोर ठेव.

तुझा पत्त्यांचा डेक रायडर-वेट-स्मिथचा, म्हणजे १९०९ साली पामेला कोलमन स्मिथने चितारलेला. ज्या लाकडाला माणूस टांगलाय ते बघ. फाशीच्या खांबासारखं वाटतं, पण त्याला पानं फुटली आहेत. दोर एकाच पायाला. दुसरा पाय गुडघ्यात मुडपलेला, बसल्या बसल्या आपण सहज मुडपतो तसा. डोक्याभोवती प्रभावळ. चेहऱ्यावर यातना नाही, तल्लीनता आहे, असं या डेकची कल्पना ज्याची त्या वेटनेही लिहून ठेवलंय.

आणि हात? हात पाठीमागे आहेत. ते बांधलेत की त्याने आपणहून मागे घेतलेत, हे दिसत नाही. माझ्या मते या कार्डाचा निम्मा अर्थ त्या न दिसणाऱ्या हातांत आहे.

प्रभावळीला भुलू नकोस म्हणून थोडं मागचं सांगते. टॅरो १५ व्या शतकात उत्तर इटलीत खेळायचे पत्ते म्हणून जन्माला आला. तिथे या पत्त्याचं एक नाव होतं 'इल त्रादितोरे', म्हणजे गद्दार. त्या काळी तिथल्या शहरांत फितुरांची आणि कर्जबुडव्यांची पायाला टांगलेली चित्रं भर रस्त्यात भिंतींवर रंगवत. माणूस हाती लागला नाही तरी त्याची अब्रू टांगता येई. तेव्हा पत्ते पिसणाऱ्याला यात साक्षात्कार दिसत नसणार, छी-थू दिसत असणार. पुढे १७८१ मध्ये कूर द जेबलँ या फ्रेंच पंडिताने जाहीर केलं की पत्ता छापणाऱ्यानेच उलटा छापलाय. हा मुळात एक पाय उचलून जपून उभा राहिलेला शहाणा माणूस आहे! मला या गृहस्थांचं हसू येतं, पण एकदा कार्ड फिरवून बघच. माणूस नाचतोय असं वाटतं. म्हणून हे कार्ड उलटं आलं की मी 'वाईट' म्हणत नाही. माणूस सरळ झाला, पण झाड उलटं झालं, एवढं लक्षात ठेवते.

त्रिशंकूचं म्हणशील तर तो शब्द खोडून टाक. त्याला सदेह स्वर्गात जायचं होतं. वरून ढकलला, खालून अडवला, दोघांच्या हट्टात लटकला. या माणसाला कुठे जायची घाई दिसते का?

आता रीडिंगचं. समोरच्याला 'थांबा' म्हणणं सोपं असतं, आणि बहुतेक जण ते ऐकूनही घेतात. तू आधी विचार : हे अडकणं तुमच्यावर आलंय की तुम्ही पत्करलंय? पत्करलेलं असेल तर थांबण्याबद्दल बोलता येईल. लादलेलं असेल तर त्या चित्रातला दोर आधी बघायचा, प्रभावळ नंतर.

हे मला उशिरा कळलं. सुरुवातीच्या दिवसांत एक बाई आल्या होत्या, घरच्या जाचाला कंटाळलेल्या. हेच कार्ड निघालं. मी प्रभावळीवर बोट ठेवून म्हटलं, सोसण्यातून उजेड येतो. त्यांनी मान हलवली, आभार मानले आणि गेल्या. त्यांची ती मान हलवण्याची पद्धत मला अजून आठवते. कार्डात ते नव्हतंच. माझ्या तोंडी घोकलेलं वाक्य होतं, ते मी त्यांच्या पदरात टाकलं.

'हँग्ड मॅन' हा बारावा पत्ता, पुढे तेरावर 'डेथ', म्हणजे मृत्यू, आहे. त्याबद्दल सगळेच फार बोलतात, म्हणून त्याला घाई नको.

तुझी ती तीन रीडिंग पुन्हा आठव. त्या तिघांपैकी कुणाचे हात बांधलेले होते असं तुला वाटतं, ते पुढच्या पत्रात कळव.

तुझी,
ताई