हिशेबातली ओल : वाचकांचे प्रश्न

काका, मागच्या अंकात तुम्ही एका ओळीत लिहून गेलात की कंपनी सरकार स्वतःच अफू विकत घ्यायचं, स्वतःच कारखान्यात बनवायचं आणि स्वतःच कलकत्त्याला लिलावात विकायचं. मग मधे हात मारणारे कमी असतील का? यांचं ऑडिट कोण करायचं? – बँकेतला एक वाचक, सांगली

हात मारणारे भरपूर होते, आणि सुरुवात वरूनच झाली होती. 1773 मधे बंगालचा गव्हर्नर वॉरन हेस्टिंग्जने अफूची मक्तेदारी कंपनीकडे घेतली तेव्हा खरेदी ठेक्याने दिली जायची. 1781 मधे हा ठेका चार वर्षांसाठी मिळाला स्टीफन सलिव्हनला, टेंडर नाही, जाहिरात नाही, वडील लॉरेन्स सलिव्हन कंपनीच्या लंडन ऑफिसात चेअरमन, आणि या गृहस्थाने अफूला हातही न लावता ठेका पुढे विकून टाकला. हेस्टिंग्जवर पार्लमेंटात जे आरोप झाले त्यात हेही प्रकरण होतं (सुटला तो शेवटी, ते सोडा). मग 1797 मधे ठेके बंद केले आणि सरकारी एजंट आले, बिहारचा पाटण्याला आणि बनारसचा पुढे गाझीपूरला.

आता कंट्रोल कसा होता बघा, मला तर वाचताना मजाच येते. शेतकऱ्याला हप्त्याहप्त्याने उचल, ती गावच्या लंबरदारामार्फत, म्हणजे शेतकऱ्यांच्या गावातल्या मुखियामार्फत, पेरलेलं शेत खात्याचा माणूस येऊन मोजणार, किती दिले किती कापले ते हातचिठ्ठीवर. मडक्यातून अफू आली की वजन, मग तपासणी, मग कारखान्यात गोळे वळणाऱ्या प्रत्येक माणसाला अफू मोजून, वर गुंडाळायच्या खसखशीच्या पाकळ्या मोजून आणि त्या चिकटवायचा लेवा, म्हणजे हलक्या अफूची खळ, तीही मोजून. रिकामी मडकी धुतली की ते पाणीसुद्धा फेकायचं नाही, त्याला 'धोई' म्हणायचे आणि ते लेव्यात जायचं. विचार करा, धुणाचाही हिशेब! 40 गोळ्यांची एक पेटी, साधारण 140 पौंडांची.

कागद जायचे कलकत्त्याच्या बोर्डाकडे. 1860 मधे एडमंड ड्रमंड पहिला ऑडिटर जनरल झाला, पण तेव्हा हिशेब ठेवणारं आणि हिशेब तपासणारं घर एकच होतं, त्यामुळे स्वतंत्र ऑडिट वगैरे मोठे शब्द तिथे वापरू नका. ऑडिटर जनरलला कायद्याने जरा वेगळी खुर्ची मिळाली ती 1919 च्या कायद्यानंतर.

अफूची '70 डिग्री' म्हणजे तापमान का? – विनया, नाशिक

नाही हो, तापमानाचा काही संबंध नाही. 100 भाग अफू वाफेवर तापवलेल्या टेबलावर वाळवायची, मागे कोरडा माल 70 भाग उरला तर ती 70 डिग्रीची. गाझीपूरला हा स्टँडर्ड होता. म्हणजे ढोबळ मानाने शेतकऱ्याने 10 शेर आणली आणि ती 63 ची निघाली तर हिशेबात धरली 9 शेर. एक शेर पाण्यात गेला! शिवाय भेसळीसाठी आयोडीन टाकून बघायचे, पीठ-बटाटा घातलेला असेल तर निळं होतं. वाळू, चिखल, गूळ, शेण असलं काय काय घालायचे लोक.

पण वाफेच्या टेबलाआधी बसायचा पारखी, तो बोटांनी चाचपून, रंग बघून, वास घेऊन सांगायचा हा माल कुठल्या वर्गातला. सगळं खातं एका माणसाच्या दोन बोटांवर, आणि कुठलाही ऑडिटर सांगेल की पैसे खायची जागा हीच. वजनात काटा मारला तर सगळ्यांना दिसतं, ओल कोणाला दिसत नाही.

यावरून आठवलं. नोकरीत असताना एका सरकारी खरेदीच्या गोदामात स्टॉक तपासायला गेलो होतो, तूर होती. पोती बरोबर, वजन बरोबर, सह्या बरोबर. रजिस्टरमधे ओलाव्याचा कॉलम बघितला तर साडेअकरा, साडेअकरा, साडेअकरा, सलग नऊ पानं, एकच पेन एकच अक्षर, आणि त्यातले चार दिवस बाहेर धो धो पाऊस होता. मीटर कुठाय विचारलं तर कपाटातून काढून दाखवलं, त्यात सेलच नव्हते.

यात आपल्या मुंबईचा काही संबंध? – एक वाचक, ठाणे

आहे की. माळव्यातली अफू शिंदे-होळकरांच्या मुलखातली, तिथे कंपनीची मक्तेदारी चालेना. 1820 च्या दशकात कंपनीने तो मालही स्वतः खरेदी करून बघितला, जमलं नाही, माल कराचीमार्गे पोर्तुगीजांच्या दमणला निघून जायचा. मग व्यापार सोडून दिला आणि मुंबईला जाणाऱ्या पेटीवर पासाचे, म्हणजे वाहतुकीच्या परवान्याचे पैसे घ्यायला लागले. 1843 मधे सिंध घेतल्यावर कराचीची वाट बंद, लगेच पेटीमागे 125 रुपयांचे 200 केले आणि 1847 पर्यंत 400. माझं प्रामाणिक मत, हा पासचा धंदा तपासायला सर्वात सोपा, पेट्या मोजा आणि पावत्या मोजा, बस.

सर, तुम्ही इंग्रजांच्या शिस्तीचं कौतुकच करताय असं वाटलं. तुम्हाला तिथे ऑडिटला पाठवलं असतं तर पहिल्यांदा काय मागितलं असतं? – सीएची विद्यार्थिनी, पुणे

वाटलं असेल तर चूक माझी, मोजणी बघितली की मला भान राहत नाही. ती सगळी शिस्त सरकारचा पैसा बुडू नये म्हणून होती, शेतकऱ्याचा बुडतोय का हा प्रश्नच त्या फॉर्मात नव्हता. 1857 च्या अफू कायद्यात उचल घेऊन ठरलेली जमीन पेरली नाही तर त्या जमिनीच्या उचलीच्या तिप्पट दंड. भाव पुढे बरीच वर्षं शेराला 5 रुपये, म्हणजे पेटीमागे शेतकऱ्यांना साडेतीनशेच्या आसपास, आणि तीच पेटी लिलावात हजाराच्या वर जायची. मधले खर्च धरले तरी फरक बघा.

मी वजनाच्या एकाच दिवसाचे तीन कागद मागितले असते, पारख्याचा अंदाज, वाफेच्या टेबलाचा आकडा आणि शेतकऱ्याची हातचिठ्ठी. पहिले दोन रोज तंतोतंत जुळत असतील तर टेबलावर न वाळवताच पारख्याचा आकडा उतरवला असणार, म्हणून पारख्याला नाही, टेबलावाल्याला आधी बोलावलं असतं. आणि तिसरा कागद ऑफिसातला नाही, गावात जाऊन घेतला असता, लंबरदार समोर नसताना. तुमच्या अभ्यासासाठी आणखी एक, नीमच-मंदसौरकडे आजही लायसन्सवाले शेतकरी अफू सरकारलाच घालतात आणि पैसे 70 डिग्रीच्या हिशेबानेच मिळतात. जमलं तर एप्रिलमधे वजनाच्या दिवसांत जाऊन या, ऊन फार असतं.